परसातली चुलीची पडवी : धूर चोरिसांना, आईला नव्हे



मे महिना आला की आपल्याकडे पुरुमेंताची धांदल सुरू होते. लाकूडफाटा भरायचा, सुके बांगडे आणि गालमो डब्यात घालायचा, भिरंडाची सोले वाळवायची. ज्या घरी डुक्कर मारले असेल तिथे चोरिसांच्या माळा चुलीवरच्या आडव्या काठीला टांगायच्या. ह्या साऱ्या उद्योगाची जागा म्हणजे मागल्या दारची चूल. पेडणे असो वा डिचोली, शेतकऱ्याच्या घरी ही चूल अजून विझलेली नाही.

स्वयंपाकघरात गॅस आला म्हणून धूर गेला असे आपण समजतो. पण न्हाणीचे पाणी कशावर तापते? उकड्या तांदळासाठी भात कशावर उकडते? डुकरांची व गुरांची पेज, फेस्ताचे जेवण, क्रुसाकडच्या लादाईनीचे चणे, हे सारे लाकडांवरच होते. घरच्या भिंतीला टेकून चार पत्रे घालायचे, पावसाची झड लागू नये म्हणून बाजूंनी प्लास्टिक बांधायचे, आणि त्या कोंडीत आईने किंवा सुनेने रोज तास-दोन तास फुंकणीने फुंकत बसायचे, हे चित्र पुष्कळ घरी दिसते. वर टांगलेल्या चोरिसांना जेवढा धूर मिळतो तेवढाच तिच्या छातीत जातो.

चोरिसांना धूर हवा असतो, माणसाला नको असतो. दोघांची जागा वेगळी केली की काम झाले. एकाच छपराखाली धूर ओढून नेणारी चूल आणि धूर कोंडणारी कोठी कशी बांधावी, ते ह्या लेखात पाहू.

धुराचे दुखणे

लाकडाच्या धुराने डोळे चुरचुरतात एवढेच आपल्याला दिसते. त्यातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात ते दिसत नाही. वर्षानुवर्षे असा धूर घेतल्याने जुनाट खोकला व दम, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग आणि मोतीबिंदू ह्यांचा धोका वाढतो. चुलीजवळ पाळण्यात निजणाऱ्या मुलाला न्यूमोनिया होण्याची भीती अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे 2020 साली घरगुती धुरामुळे जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील मुले 2 लाख 37 हजारांहून अधिक होती.

ह्यावर उपाय शोधण्याचे काम आपल्या देशात फार पूर्वी सुरू झाले. वर्ध्याच्या मगनवाडीतून 'मगन चूल' पुढे आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू ह्यांनी 1953 साली बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका लिहिली. 1983 च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि लाखो घरांत चुली बसल्या. तरीही त्यांतल्या पुष्कळ पडून राहिल्या. ओडिशातील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. सुधारित चुलीने पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पण पुढे चुलींची देखभाल झाली नाही, वापर घटला आणि फायदाही गेला, असे त्यात दिसून आले. तेव्हा चूल बांधणे हे अर्धे काम आहे. चिमणी झाडणे हे उरलेले अर्धे.

जागा कोणती निवडावी

आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. उन्हाळ्यात दुपारचा वाराही समुद्राकडूनच येतो. म्हणून पडवी शक्यतो घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला बांधावी, म्हणजे धूर घरापासून दूर जाईल. थंडीत पहाटेचा वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यासाठी घर व पडवी ह्यांत निदान 15 फुटांचे अंतर ठेवावे. पावसात भिजायला नको म्हणून पडवी घराला चिकटवण्याचा मोह होतो, तो टाळावा. मधली वाट झाकायची असल्यास अरुंद कौलारू छप्पर घालावे, बाजू उघड्या ठेवाव्यात.

गवताची कुडी, गोठा, लाकडांची रास व विजेच्या तारा ह्यांपासून दूर राहावे. माडाच्या अगदी खाली पडवी नको. नारळ कौले फोडतो आणि वाळलेले चुडत ठिणगीने पेट घेते.

बांधकामाला हात घालण्यापूर्वी पंचायतीत विचारावे. जमीन दुसऱ्याच्या नावावर असल्यास मालकाशीही बोलून घ्यावे. हरमल, मांद्रे, मोरजी, केरी येथे समुद्राजवळ राहणाऱ्यांना किनारी नियमांमुळे आधी परवानगी लागते. लाकडासाठी झाड तोडायचे असेल तर 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची मंजुरी घ्यावी लागते. आधी चार फेऱ्या माराव्या लागल्या तरी चालेल, नंतर भिंत पाडावी लागू नये.

जोते, खांब व छप्पर

साधारण कुटुंबाला 12 फूट लांब व 10 फूट रुंद जागा पुरते.

जोते : चिऱ्यांचे, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच घ्यावे. वरची जमीन सिमेंटची केल्यास खरबरीत ठेवावी. गुळगुळीत फरशीवर पावसात पाय घसरतो आणि हातात उकळते पाणी असते. दर चार फुटांना एक इंच उतार दिला की पाणी साचत नाही.

खांब : चिऱ्यांचे चार खांब सर्वांत टिकाऊ. लाकडी खांब घालायचे झाल्यास ते जमिनीत पुरू नयेत, दगडाच्या बैठकीवर उभे करावे. नाहीतर दोन पावसांत वाळवी बुंधा पोखरते.

भिंती : पश्चिम व दक्षिण ह्या बाजूंना चार फूट उंचीची चिऱ्यांची भिंत बांधावी. तिच्यावर जाळीदार बांधकाम किंवा बांबूचा उघडमीट करता येणारा पडदा करावा. झड अडते आणि हवा खेळती राहते. पूर्व व उत्तर बाजू मोकळ्या ठेवाव्या.

छप्पर : मंगळुरी कौले उत्तम. आडव्या दोन फुटांना निदान सव्वा फूट चढ द्यावा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कमी उताराच्या छपरात पाणी उलटे शिरते. वळचणीकडे उंची सात फूट आणि आढ्याकडे दहा-साडेदहा फूट असावी. वळचण भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट काढावी. आढ्यापाशी एखादी ओळ उचलून हवेला वाट ठेवावी.

चुलीवर चुडतांचे छप्पर घालू नये, ताडपत्री किंवा प्लास्टिकही नको. आग लागल्यास प्लास्टिक वितळून अंगावर पडते. जस्ताचा पत्रा चालतो, पण किनाऱ्याकडे खारी हवा आणि धूर मिळून तो लवकर गंजतो. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे स्वस्तात मिळाले तरी आणू नयेत. ते कापताना व भोके पाडताना उडणारी धूळ फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होते.

ओटा व धूर ओढणारी चूल

चूल जमिनीवर न घालता सव्वादोन ते अडीच फूट उंच ओट्यावर घालावी. उभ्याने काम करता येते, कंबर वाकत नाही, तोंड धुरापासून लांब राहते आणि रांगते मूल निखाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

चूल दोन भांड्यांची करावी. वारुळाची किंवा चिकट माती, भाताचा कोंडा आणि शेण एकत्र मळून दोन दिवस मुरवावे व त्याने चूल घडवावी. पुढचे तोंड वीतभर रुंद व त्याहून थोडे कमी उंच ठेवावे. पहिल्या भोकाखाली जाळ पेटतो, तिथून गरम वाफ व धूर दुसऱ्या भोकाखालून जातात आणि मागच्या चिमणीतून वर निघतात. भोके आपल्या नेहमीच्या भांड्यांच्या मापाची असावीत. भांडे नीट बसले नाही तर फटीतून धूर बाहेर येतो आणि चिमणी असून नसल्यासारखी होते. एका भांड्याचे काम नसेल तेव्हा त्या भोकावर मातीचे झाकण ठेवावे. चूल सावलीत सावकाश वाळवावी. उन्हात ठेवल्यास तडे जातात.

चिमणीचा नळ चार इंच व्यासाचा असावा. डिचोलीचे कुंभार पूर्वीपासून नावाजलेले आहेत. भाजक्या मातीचे नळ कुंभाराकडून करून घेता आले तर ते गंजत नाहीत. नळ सरळ वर न्यावा, मध्ये वळणे देऊ नयेत, आणि कौलांच्या वर तीन फूट काढावा. वर टोपी बसवावी, म्हणजे पाऊस आत येत नाही. नळ छपरातून जातो तिथे वासे व रिपा त्याच्यापासून नऊ इंच दूर ठेवाव्यात. चुलीच्या आगी पुष्कळदा इथूनच लागतात. नळाच्या बुडाशी काजळी काढण्यासाठी एक छोटे दार ठेवण्यास विसरू नये.

फेस्ताची किंवा भात उकडण्याची मोठी भांडी ह्या ओट्यावर चढवू नयेत. उकळते भांडे छातीच्या उंचीवरून उतरवणे फार धोक्याचे. त्यासाठी पडवीच्या पूर्वेकडील मोकळ्या कडेला जमिनीलगत तीन चिऱ्यांची वेगळी चूल घालावी.

लाकूड वाळलेले असेल तरच वरील साऱ्या खटपटीचा उपयोग. नुकत्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ अर्धे वजन पाण्याचे असते. जाळ आधी ते पाणी आटवण्यात खर्च होतो आणि धूर दुप्पट होतो. लाकडे मनगटाएवढी बारीक फोडून, सहा महिने छपराखाली हवेशीर रचून मग वापरावी. म्हणजे पावसाळ्याची लाकडे डिसेंबरातच फोडायला हवीत, मे महिन्यात नव्हे.

राख फेकू नये. आपली चिऱ्याची जमीन आंबट असते. थंड झालेली राख माडाच्या आळ्यात थोडी थोडी घातल्यास पालाश मिळतो आणि आंबटपणाही कमी होतो. ताजे शेण व युरिया ह्यांत मात्र राख मिसळू नये, त्यांतील नत्र हवेत उडून जाते.

धुरीची कोठी

आता चोरिसांकडे वळू. चुलीवर टांगलेल्या माळांना धूर मिळतो, पण त्याबरोबर काजळी, झुरळे आणि कधी उंदीरही मिळतात. म्हणून पडवीच्या उत्तर टोकाला, चुलीपासून दूर, स्वतंत्र कोठी बांधावी.

तीन फूट लांब, तीन फूट रुंद व सहा फूट उंच अशी चिऱ्यांची कोठी पुरे. एका बाजूला घट्ट बसणारे लाकडी दार. वरच्या टोकाला वीतभर चौकोनी धुराडे, त्यावर सरकते झाकण आणि माश्या येऊ नयेत म्हणून बारीक जाळी. आत वरच्या अंगाला वेताच्या किंवा बांबूच्या आडव्या काठ्या. जस्ताचा मुलामा दिलेल्या सळ्या आंबट-खारट मांसाला लागू देऊ नयेत. पोलादी वापरायच्या तर न गंजणाऱ्या वापराव्या.

आगटी कोठीच्या आत नसावी, ही ह्या रचनेतली मुख्य खूण. छपराबाहेर चार-पाच फुटांवर, कोठीच्या बुडापेक्षा खालच्या पातळीवर लहानसा खड्डा करून आगटी घालावी. तिथून चिऱ्यांची झाकलेली नाळ चढत्या उताराने कोठीच्या तळाशी आणावी. असे केल्याने दोन गोष्टी साधतात. धूर निवत येतो, म्हणून मांस वरून करपून आत कच्चे राहत नाही. शिवाय चरबी निखाऱ्यावर ठिबकत नाही. चरबी निखाऱ्यावर पडली की तिच्या धुरात कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये तयार होतात आणि ती मांसावर बसतात.

हा प्रश्न जगात इतरांनाही पडलेला आहे. आफ्रिकेतील घाना देशात चोरकोर नावाच्या मच्छीमार वस्तीत 1970 च्या सुमारास जागतिक अन्न व शेती संघटनेच्या साह्याने मासे धुरवण्याची नवी भट्टी तयार झाली. तिला कमी लाकूड लागते, तिच्यावर बायकांचे श्रम कमी होतात. पुढे सेनेगलमधील थियारॉय येथे तिच्यात सुधारणा करून चरबी आगीवर पडू नये अशी सोय करण्यात आली. म्हणजे आगीपासून अन्न वेगळे ठेवण्याची वाट त्यांनीही धरली.

धुरासाठी आंबा, पेरू ह्यांचे वाळके लाकूड, नारळाची सोडणे व करवंट्या चांगल्या. काजूच्या बियांची टरफले कधीही घालू नयेत, त्यांतील तेलाचा धूर डोळ्यांना व कातडीला भाजतो. कण्हेर व शेर ही विषारी झाडे. त्यांचे लाकूड कोठीतही नको आणि चुलीतही नको. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, प्लास्टिकच्या पिशव्या ह्यांनी आगटी पेटवू नये.

काय धुरवावे, किती जपावे

चोरिसे : धुराने मांस टिकते अशी आपली समजूत असते. खरे टिकवतात ते मीठ, माडाचे विनेगर आणि ऊन. धूर त्यांना मदत करतो व चव देतो. थंड देशांत लोक गार धुराने मांस आठवडेच्या आठवडे धुरवतात. आपल्याकडे हवाच तीस अंशांच्या वर असते, तिथे गार धूर कुठला? म्हणून मीठ-विनेगरात काटकसर करू नये. माळा आधी कडक उन्हात नीट वाळवाव्या, मगच कोठीत टांगाव्या आणि रोज दोन-तीन तास हलका धूर द्यावा. हे काम कोरड्या महिन्यांतच उरकावे. पावसाला सुरुवात झाल्यावर केलेली चोरिसे बुरसटतात. बुरशी आलेले, बुळबुळीत झालेले किंवा उग्र वासाचे चोरीस धुऊन खाण्याचा प्रयत्न करू नये.

धूर म्हणजे शिजवणे नव्हे. चोरीस नेहमी पूर्ण शिजवूनच खावे. डुकराच्या कच्च्या मांसात तांदळाच्या दाण्यासारख्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर ते मांस घेऊ नये, त्यातून पट्टकृमी होतो. अशा माणसाच्या विष्ठेतील अंडी पाण्यातून वा भाजीतून पोटात गेल्यास मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते. म्हणून डुकरे बांधून पाळावी व संडास वापरावा.

बांगडे : ताजे किंवा बर्फातले मासेच घ्यावे. उन्हात पडून राहिलेल्या बांगड्यात एक विष तयार होते. ते धुराने जात नाही, शिजवूनही जात नाही, आणि खाणाऱ्याचे अंग लाल होऊन खाज व उलट्या सुटतात. मासे साफ करून अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवावे, निथळून वारा लागू द्यावा, आणि गरम धुरात आतले मांस काट्यापासून सुटेपर्यंत ठेवावे. ह्यासाठी नाळेतला निवलेला धूर पुरत नाही. आगटी मोठी करून धुराडे अर्धे मिटावे लागते. असे बांगडे दमट हवेत टिकत नाहीत. त्याच दिवशी खावे किंवा शीतपेटीत ठेवून दोन दिवसांत संपवावे. पुरुमेंताला कडक सुकवलेले खारे बांगडेच बरे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर 2015 मध्ये खारवलेले, धुरवलेले मांस कर्करोगाला कारण होणाऱ्या पदार्थांत घातले. रोज 50 ग्रॅम खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो असे तिचे म्हणणे आहे. ह्यामुळे चोरिसे सोडून द्यावीत असे नाही. फेस्ताला, पाहुण्यांना, पावसात कधीतरी उकड्या भाताबरोबर खावीत. रोजच्या ताटात मासळी, डाळ व भाजी असावी. रक्तदाब असणाऱ्यांनी मिठामुळे अधिक जपावे.

रोजची सावधगिरी

1. काम संपल्यावर निखारे पाण्याने विझवून मगच निजावे. जवळ पाण्याची बादली व वाळूचा डबा नेहमी असावा.

2. पेटते निखारे घागरीत किंवा शेगडीत घालून बंद खोलीत नेऊ नयेत. त्यांच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

3. राॅकेल किंवा पेट्रोल ओतून चूल पेटवू नये. वाळकी सोडणे पुरतात.

4. भाजल्यास त्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट, तेल, शेण काही लावू नये. मोठे भाजणे असल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

5. गरोदर स्त्री, तान्हे मूल व दमेकरी ह्यांना धुराजवळ बसवू नये.

6. चिमणी दर पंधरा दिवसांनी झाडावी. काठीला काथ्याचा बोळा बांधून वरून खाली फिरवावा, काजळी बुडाच्या दारातून काढावी.

हे शेवटचे काम घरातल्या पुरुषांनी अंगावर घ्यावे, अशी विनंती आहे. छपरावर चढणे आईला जमत नाही, आणि पडवी बांधून झाल्यावर चिमणी कोणीच झाडत नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातली चूक आपल्या घरी होऊ नये. महिन्यातला पहिला व तिसरा शनिवार ठरवून टाकावा, म्हणजे विसर पडत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आपण वाचतो की पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या सरोवराकाठी स्वतः कोळशाचा विस्तव तयार ठेवला होता, त्यावर मासळी होती, आणि रात्रभर जाळी ओढून थकलेल्या शिष्यांना त्याने न्याहारीला बोलावले. मोकळ्या हवेत विस्तव करून दुसऱ्याला जेवू घालणे हे काम प्रभूने हलके मानले नाही. आपल्या घरी ते काम रोज जी करते, तिच्या डोळ्यांची व छातीची काळजी घेणे एवढे तरी आपल्या हाती आहे. पाऊस सुरू होण्याआधी निदान मागल्या दारचे प्लास्टिक काढून हवेला वाट करावी. चिरे आणण्याचे काम पाऊस सरल्यावर करता येईल.